लाल मळा, निळ्या आकृती : आत्माविष्कारवादी वाचनावर काही आक्षेप

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘लाल द्राक्षमळा’ या १८८८ सालच्या चित्राविषयी सुशिक्षित वाचकाला एक गोष्ट हमखास ठाऊक असते : ते विकले गेले. १८९० च्या आरंभी ब्रुसेल्स येथे ‘ले व्हँ’ या कलावंतमंडळाच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि ॲना बॉक या बेल्जियन चित्रकर्तीने ते ४०० फ्रँकना विकत घेतले. चित्रकाराच्या हयातीत विकले गेलेले हे एकमेव चित्र, अशी पुस्ती त्याला जोडण्याची प्रथा आहे. ही पुस्ती कितपत काटेकोर आहे याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. पण तो येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, मजुरी करणाऱ्या माणसांचे एक चित्र त्याच्या स्वतःच्या किमतीमुळे ओळखले जाते. त्या चित्रात माणसे काम करीत आहेत ही गोष्ट बहुधा सांगितलीच जात नाही. सांगितली तर रंगांचे वर्णन उरकल्यावर, ‘मळ्यात काही आकृतीही दिसतात’ अशा एखाद्या जोडवाक्यात. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या जोडवाक्याला आहे.

हा आक्षेप एका चित्रापुरता किंवा चित्रकलेपुरता मर्यादित नाही. कलाकृतीतील निसर्ग हा कलावंताच्या मनाचा आरसा होय, ही धारणा आपल्या साहित्यविचारात इतकी मुरलेली आहे की तिला सिद्धांत म्हणून कोणी तपासत नाही. ती निरीक्षण म्हणून खपते. ‘आत्माविष्कार’ हा शब्द आपण ज्या सहजतेने उच्चारतो, ती सहजताच संशयास्पद आहे. आविष्कार कोणाचा, असे विचारताच कलावंताचा, हे उत्तर तयार असते. पण ज्या भूमीवर तो आविष्कार घडला ती भूमी कोणी कसली, तिच्यावरचे पीक कोणी काढले, हा प्रश्न मात्र ‘कलाबाह्य’ ठरतो. प्रश्न कलाबाह्य ठरविण्याचा हा अधिकार कोठून आला, हे या एका चित्राच्या आधारे पाहता येईल.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. आडव्या कॅनव्हासचा मोठा भाग लाल-जांभळ्या द्राक्षवेलींनी व्यापलेला आहे. मागे जाता जाता हा लाल रंग पिवळा होत जातो. उजव्या बाजूला पावसाने भिजलेला रस्ता आहे. तो इतका चकाकतो की पुष्कळांना ती नदीच वाटते. वर हिरवट-पिवळे आकाश आणि त्यात क्षितिजाजवळ आलेला मोठा पिवळा सूर्य. क्षितिजाकडे निमुळती होत जाणारी झाडांची रांग, एक घोडागाडी. आणि मळाभर विखुरलेल्या, बहुतेक कमरेत वाकलेल्या, निळ्या-जांभळ्या वस्त्रांतील आकृती. त्यांत स्त्रियाच अधिक आहेत. त्या द्राक्षे खुडत आहेत. त्यांपैकी एकीचाही चेहरा ओळखू येईल असा रंगविलेला नाही. त्यांतील कोणी आपल्याकडे पाहत आहे असेही जाणवत नाही.

या चित्राचे प्रचलित वाचन साधारणतः असे चालते : लाल रंग म्हणजे उत्कटता, मावळता सूर्य म्हणजे अंताची चाहूल, तापलेले रंगलेपन म्हणजे तापलेले मन. चित्र नोव्हेंबर १८८८ मधले. कान कापून घेण्याची घटना २३ डिसेंबर १८८८ ची. मे १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात प्रवेश आणि २९ जुलै १८९० रोजी मृत्यू. या पुढच्या तारखा हाताशी धरून मागच्या चित्राकडे पाहिले जाते, आणि मग मळा पेटलेला दिसू लागतो. आयर्व्हिंग स्टोन यांची १९३४ ची कादंबरी आणि तिच्यावरचा १९५६ चा चित्रपट यांनी या वाचनाला लोकप्रियता दिली हे खरे. पण दोष केवळ कादंबरीकाराच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. विद्वत्तापूर्ण लेखनातही हीच पद्धती परिभाषेचा अंगरखा घालून वावरते.

या पद्धतीतील तार्किक दोष उघड आहे. चित्रावरून मनःस्थितीचे अनुमान करायचे आणि मग त्याच मनःस्थितीने चित्राचे स्पष्टीकरण द्यायचे, हे चक्र आहे. या चक्रात चित्र रुग्णपत्रिका बनते. परंतु तार्किक दोषापेक्षा अधिक गंभीर असा एक दुसरा परिणाम येथे घडतो, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सबंध दृश्य जर एकाच मनाचा आविष्कार असेल, तर त्या दृश्यातील इतर माणसांना स्वतःचे असे काही उरत नाही. त्या वाकलेल्या स्त्रिया एकतर सजावट ठरतात किंवा चित्रकाराच्या एकाकीपणाची प्रतीके. त्यांचे वाकणे त्यांचे राहत नाही; तेही व्हिन्सेंटचे होते. श्रमाचे फळ दुसऱ्याच्या नावावर चढणे हे मळ्यांच्या इतिहासात नवे नाही. समीक्षेने श्रमाची मुद्राही दुसऱ्याच्या नावावर चढवावी, हे मात्र विचार करायला लावणारे आहे.

आत्माविष्कारवादी समीक्षक येथे चित्रकाराच्या पत्रांचा आधार घेतील. तो आधार आपणही घेऊ, फक्त थोडा सावकाश. गोगँ आर्लला २३ ऑक्टोबर १८८८ रोजी पोहोचला. त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे २८ ऑक्टोबरला, दोघे फिरायला गेले असता हा मळा दिसला. नोव्हेंबरच्या आरंभी थिओला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉग त्याचे वर्णन करतो : मळा तांबड्या मद्यासारखा लालभडक, दूरवर पिवळा होत गेलेला, हिरवे आकाश, त्यात सूर्य, पावसानंतरची जांभळी शेते आणि मावळतीच्या प्रकाशाचे त्यांवर चमकणारे ठिपके. रंगांचे इतके नेमके टिपण क्वचितच वाचायला मिळते. पण या टिपणात माणूस नाही. पुढे काही दिवसांनी, चित्र पुरे झाल्यावर, तो थिओला पुन्हा लिहितो; आणि आता जांभळ्या-पिवळ्या मळ्यासोबत, पिवळ्या सूर्यासोबत, छोट्या निळ्या व जांभळ्या आकृतींचा उल्लेख येतो.

या दोन पत्रांमधील अंतर हेच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. फिरायला गेलेल्या माणसाने शब्दांत जपून ठेवला तो रंग. कॅनव्हासपाशी उभ्या राहिलेल्या चित्रकाराला मात्र माणसांची गरज पडली. चित्र स्मरणातून रंगविलेले आहे, समोर मळा ठेवून नव्हे. म्हणजे त्यात जे आले ते आपोआप आलेले नाही, आणले गेले आहे. जर निसर्ग स्वतःच्या बळावर मनाचा आविष्कार करण्यास समर्थ होता, तर हे दृश्य त्या निर्मनुष्य वर्णनाप्रमाणेच का रंगविले गेले नाही? लाल, पिवळा, हिरवा यांचा झगडा पुरेसा का वाटला नाही? आत्माविष्कारवादाकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण त्याच्या हिशेबात या आकृतींना खातेच नाही.

पत्रातील उपमेकडेही पाहण्यासारखे आहे. मळा मद्यासारखा लाल. म्हणजे वेलीवरच्या पानांत तयार मद्य दिसले. वेल आणि मद्य यांच्यामध्ये जे घडावे लागते — खुडणे, टोपल्या भरणे, वाहून नेणे, तुडवणे, आंबवणे — ते सारे उपमेने एका उडीत ओलांडले. उपमेचा स्वभावच तो आहे. चित्राने मात्र ती उडी घेतली नाही. वेल आणि मद्य यांच्यामधल्या जागेत त्याने वाकलेली माणसे उभी केली. उपमेने जे गाळले ते चित्राने भरून काढले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

हे एकदा ध्यानात घेतले की, ज्याला आपण ‘भावपूर्ण निसर्ग’ म्हणतो त्याचे स्वरूपच बदलते. मावळता सूर्य घ्या. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो कातरवेळेची हुरहूर आहे. कामावरच्या माणसाच्या दृष्टीने ते घड्याळ आहे. सूर्य क्षितिजाला टेकत आला आहे आणि पाठी अजून सरळ झालेल्या नाहीत. चित्रातील ताण यातून उत्पन्न होतो. वेलींचेही तसेच. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने दक्षिण फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. पुढील दोन दशकांत अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून, शेते पाण्याखाली बुडवून, वाळूत लागवड करून मोठ्या कष्टाने तेथे पुन्हा वेली उभ्या करण्यात आल्या. १८८८ मधला दक्षिणेकडचा द्राक्षमळा हा ‘निसर्ग’ नव्हताच. तो अलीकडेच मरणाच्या दारातून परत आणलेला मानवी उद्योग होता. त्याच्या लालीत एखाद्याला मनाची आग दिसत असेल तर दिसो. पण ती लाली प्रथम शेतीची आहे.

याच सुमारास, याच मळ्याच्या अनुभवातून गोगँनेही एक चित्र केले. ‘द्राक्षतोडणी’ किंवा ‘मानवी दुःख’ या नावांनी ते ओळखले जाते. सध्या ते कोपनहेगनजवळील ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात आहे. तेही स्मरणातून केलेले. त्याच्या अग्रभागी एक तरुणी हनुवटी हातांवर टेकून बसली आहे. काम थांबले आहे, निदान तिच्यापुरते. मागे दोन स्त्रिया वाकलेल्या आहेत, पण त्या पार्श्वभूमी झाल्या आहेत. आर्लच्या मळ्यात गोगँने ब्रिटनीच्या पोशाखातील बायका बसविल्या आणि तपशिलाच्या अचूकपणाची आपल्याला पर्वा नाही, असे मित्राला कळविले. हे चित्र सामर्थ्यशाली आहे यात शंका नाही. पण त्यात दुःख अर्थपूर्ण व्हावे यासाठी श्रम थांबवावे लागले आहेत. मजूर स्त्री जेव्हा काम सोडून विचारमग्न होते तेव्हाच ती ‘मानवी’ दुःखाची प्रतिनिधी होऊ शकते, असा त्याचा गर्भितार्थ आहे. व्हॅन गॉगच्या चित्रात कोणालाही असे बाजूला बसवून प्रतीकाच्या पदावर चढविलेले नाही. तेथे अर्थ कामाच्या बाहेर शोधावा लागत नाही. विलक्षण गोष्ट ही की, व्हॅन गॉगचे प्रचलित वाचन हे वस्तुतः गोगँच्या चित्राचे वाचन आहे. आपण एका चित्रावर दुसऱ्याचा अर्थ लादत आलो आहोत.

येथे रूपवादी समीक्षक हस्तक्षेप करील आणि म्हणेल, मनोविश्लेषण आणि मजुरी हे दोन्ही लौकिक अर्थ. चित्राचे द्रव्य रंगसंवेदना हेच होय. आपल्याकडे ही भूमिका बा. सी. मर्ढेकर यांनी ज्या ताकदीने मांडली ती ताकद आजही ओसरलेली नाही. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी पाहू गेल्यास, लाल आणि हिरवा यांचा विरोध, पिवळ्याचा मध्यस्थ संवाद आणि निळ्या ठिपक्यांनी साधलेला समतोल, असे या चित्राचे विवरण होईल. चित्रकाराने स्वतःच ‘छोट्या निळ्या आकृती’ म्हटले आहे, त्यांना मजूर म्हटलेले नाही, हेही कोणी निदर्शनास आणील.

हा आक्षेप आत्माविष्कारवादापेक्षा कितीतरी अधिक आदरणीय आहे, कारण तो निदान चित्राकडे पाहतो. पण तो पुरेसा वेळ पाहत नाही. निळा ठिपका आणि वाकलेला निळा ठिपका या दोन भिन्न रूपघटना आहेत. या चित्रातील लय कशाने बांधली गेली आहे? वेलींच्या वळशांना आकृतींच्या पाठींचे वळसे प्रतिसाद देतात. उभी आकृती येते तेव्हा ती त्या वळशांना छेद देते. सर्व आकृती ताठ उभ्या केल्या, रंग व जागा मात्र तीच ठेवली, तर रंगसंवेदनांच्या जमाखर्चात फरक पडणार नाही. परंतु चित्र कोसळेल. म्हणजे ज्याला रूप म्हणायचे त्याच्यातच श्रमाची मुद्रा विणलेली आहे. रूपवाद शेवटपर्यंत नेला तर तो श्रमापाशीच पोहोचतो. मधेच थांबणारा रूपवाद मात्र मजुरांना ठिपके म्हणून मोकळा होतो. आमचा विरोध रूपाच्या विश्लेषणाला नाही, त्याच्या आळसाला आहे.

तत्त्वज्ञांचा अनुभवही बोधप्रद आहे. व्हॅन गॉगने रंगविलेल्या जोड्यांच्या एका चित्रावर मार्टिन हायडेगर यांनी १९३५-३६ च्या व्याख्यानांत जे विवेचन केले ते प्रसिद्धच आहे. ते जोडे त्यांनी एका शेतकरी स्त्रीच्या पायांत घातले आणि तिच्या द्वारा भूमीचे, कष्टाचे, मृत्यूच्या सावटाचे सारे विश्व उभे केले. १९६८ साली मायर शापिरो यांनी हरकत घेतली : जोडे शेतकरी स्त्रीचे नव्हेत, खुद्द चित्रकाराचे, म्हणजे ते एका अर्थी त्याचे आत्मचित्र आहे. १९७८ साली जॅक देरिदा यांनी दोघांनाही विचारले की, जोडे कोणाला तरी परत करण्याची ही घाई कशासाठी? वाद रंगला, आजही रंगतो. पण त्यात घडले काय ते पाहा. हायडेगर यांची शेतकरी स्त्री कष्ट करते, पण केवळ भूमीशी असलेल्या आदिम नात्याची खूण म्हणून. तिला मजुरी नाही, मालक नाही, तास नाहीत. शापिरो यांनी तिला दूर करताना तथ्याच्या बाजूने न्याय केला, पण जागा दिली ती पुन्हा कलावंताच्या आत्म्याला. एकीकडे गूढ शेतकरी, दुसरीकडे आत्ममग्न कलावंत. तिसरा पर्याय जणू उपलब्धच नाही. जोड्यांच्या चित्रात माणूस नसल्याने हा वाद संभवला तरी. ‘लाल द्राक्षमळ्या’त माणसे समोर असूनही आपण तोच वाद चालवितो, याला काय म्हणावे?

आता दुसऱ्या बाजूचा हिशेबही चुकता करायला हवा. अन्यथा हे टिपण पक्षपाती ठरेल. समाजशास्त्रीय म्हणविणारे एक वाचन असेही संभवते की, हे शोषणाचे चित्र आहे. किंवा याच्या उलट, शोषण सुंदर रंगांनी झाकणारे चित्र आहे. दोन्ही निष्कर्ष चित्राच्या आधी तयार असतात. मजुरीचा दर, मळ्याची मालकी, कराराच्या अटी यांपैकी काहीही या कॅनव्हासवर नाही, आणि जे नाही ते समीक्षकाने आपल्या पदरचे घालू नये. चित्रकार शेतमजुरांशी एकरूप झाला होता ही भाबडी समजूतही सोडून द्यावी. तो रविवारी फिरायला गेला होता. भावाने पाठविलेल्या पैशांवर तो चित्रे काढत होता. मळ्याच्या कडेने चालणारा आणि मळ्यात वाकलेला यांच्यामधले अंतर त्याच्या चित्रात दिसते, आणि ते त्याने लपविलेले नाही. चेहरे नसणे हे त्या अंतराचेच चिन्ह आहे. त्याला तुच्छता म्हणणे जितके घाईचे, तितकेच सहानुभूती म्हणणेही.

चित्राचे पुढचे चरित्रही सोप्या निष्कर्षांना दाद देत नाही. १९०९ साली ते मॉस्कोचे कापडगिरणीमालक इव्हान मोरोझोव्ह यांच्या संग्रहात गेले. १९१८ साली क्रांतीनंतरच्या शासनाने तो संग्रह राष्ट्राच्या मालकीचा केला. १९४८ पासून चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. गिरणीमालकाच्या भिंतीवर ते शोभले, कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या भिंतीवरही शोभले. यावरून चित्र निरर्थक ठरत नाही; मालकी बदलल्याने वाचन आपोआप सुधारत नाही, एवढेच सिद्ध होते. वाचन सुधारण्याचे काम वाचकालाच करावे लागते.

कोणी असे विचारील की, श्रम पाहण्याचा हा आग्रह हेही एक आरोपणच नव्हे काय? एका मनाऐवजी दुसऱ्याच्या पाठीचे आरोपण? याला उत्तर असे : आरोपणाची कसोटी म्हणजे चित्रातील घटक गाळून पाहणे. चित्रकाराचा आजार गाळून पाहा. चित्रातील एक रेघही कमी होत नाही. वाकलेल्या आकृती गाळून पाहा; सूर्याचे घड्याळ थांबते, वळशांची लय तुटते, गाडीला प्रयोजन राहत नाही, आणि उरते ते २८ ऑक्टोबरच्या फेरफटक्याचे एक रंगीत टिपण. जे गाळल्याने कलाकृती बदलत नाही ते कलाबाह्य आणि जे गाळल्याने ती मोडते ते कलांतर्गत, हा निकष कलावाद्यांचाच आहे. त्या निकषावर बाहेर जातो तो आत्मा, आत राहतात ते मजूर.

आपल्याकडील ग्रामीण कथा-कादंबरी आणि कविता यांच्या समीक्षेला यातून काही घेता येईल. तेथेही माळरान पात्राच्या मनासारखे उदास असते, पाऊस लेखकाच्या आठवणीसारखा पडतो, आणि ‘मातीचा गंध’ या दोन शब्दांत माती भाजणारे, नांगरणारे, निंदणारे, कापणारे सारे हात विरून जातात. विद्यार्थ्यांना आपण निसर्गवर्णनातील भाव ओळखायला शिकवितो. त्या वर्णनात कोण वाकलेले आहे हे ओळखायला शिकवीत नाही. हा संस्कार बदलण्यासाठी नवा सिद्धांत आयात करण्याची गरज नाही. प्रश्नांचा क्रम बदलला तरी पुष्कळ आहे. भूदृश्य कोणत्या भावनेने भरले आहे हे विचारण्यापूर्वी, ते कोणाच्या हातांनी घडले आहे आणि त्या हातांना कलाकृतीने कोणती जागा दिली आहे, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर द्यावे लागेलच. मात्र तोपर्यंत ते उत्तर बरेच निराळे झालेले असेल.